एक कान उघडा

पिस्तूल हातात घेतलं आणि लगेच कळलं, हे आता माझं राहिलेलं नाही.

खरं तर ते माझं कधीच नव्हतं. क्लबचं होतं. पंचवीस मीटरवरून मारायचं पॉइंट टू टूचं पिस्तूल मुलींसाठी क्लबकडे एकच, आणि वर्षाच्या ट्रायलमध्ये जिचा स्कोअर सगळ्यांत वर, तिला ते वर्षभर मिळायचं. सरावाला तीच, स्पर्धेला तीच. बाकीच्यांनी हवेच्या पिस्तुलावर समाधान मानायचं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही सलग तीन वर्षं ते माझ्याकडे होतं. त्याची लाकडी मूठ मी कानशीने घासून, पोकळी राहील तिथे पुट्टी भरून, पुन्हा घासून अशी करून घेतली होती की डोळे मिटून उचललं तरी हात आपल्या जागी जाऊन बसायचा. मैना पोटात असताना डॉक्टरबाई म्हणाल्या, आत बाळाचे कान तयार होतायत, तो आवाज आता पुरे. मी पिस्तूल पुसलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली सरांना दिली.

आता मैना अकरा महिन्यांची होती, आणि मुठीला दुसऱ्याच कुणाच्या पंजाचा आकार आला होता.

"चावतंय का?" हिंदुराव सरांनी विचारलं. सर फौजेतून निवृत्त झालेले, कराडकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढली तरी त्यांचं 'हाय' काही गेलेलं नाही.

"नाही सर."

"चावणारच. दीड वर्षं दुसऱ्याच्या हातात हाय ते."

दुसरं म्हणजे कमरजहां. भवानी पेठेतली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, सडपातळ, खांदे मात्र पोहणाऱ्या मुलीसारखे. मी सोडून गेले तेव्हा ती हवेच्या पिस्तुलावर होती आणि मला बाटलीतून पाणी आणून द्यायची. आता पिस्तूल तिचं होतं. ती शेजारच्या लेनमधून वाकून म्हणाली, "सुनीतीताई, अंगठ्याजवळची तुमची पुट्टी मी काढून टाकली. राग नाही ना आला?"

"तुझंच आहे आता."

"ट्रायलपर्यंत," ती म्हणाली. हसली, पण म्हणायचं होतं तेच म्हणाली.

ट्रायलला दोन महिने होते. तोवर सरांनी मला मंगळवार आणि शनिवारची सकाळ दिली, म्हणजे कमरचा सराव संपला की पिस्तूल तासभर माझ्याकडे. मला मेडल नको होतं. श्याम, माझा नवरा, विचारायचा, "मग नक्की काय हवंय तुला?" ते मला धड सांगता यायचं नाही. सांगायचा प्रयत्न इथे करते.

आमच्या प्रकारात दोन भाग असतात. पहिल्यात सावकाश मारायचं, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. दुसरा वेगाचा. समोर लाल दिवा लागतो. लाल असेपर्यंत हात खाली, तिरका, पिस्तुलाचं तोंड पुढच्या जमिनीकडे. सात सेकंद. मग हिरवा. तीन सेकंदांत हात वर आणायचा, साइट, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुणा, जुळवायची, एक गोळी सोडायची. पुन्हा लाल, पुन्हा हात खाली. असं पाच वेळा, म्हणजे एक सिरीज. अशा सहा सिरीज. बघणाऱ्यांना वाटतं सगळी मजा त्या तीन सेकंदांत आहे. मला ती सात हवी होती. कानांवर आवाज अडवणारे मफ घट्ट बसलेले, जग बाटलीला बूच मारल्यासारखं बंद, हात खाली, आणि कुणी म्हणजे कुणी मला हाक मारू शकत नाही. काही करायचंही नाही. फक्त उभं राहायचं. बाळंतपणानंतर दुपारी मैनाला मांडीवर घेऊन बसले की मला ती सात सेकंदं आठवायची, माहेरच्या गच्चीची आठवण यावी तशी.

घरी पिस्तूल नेता येत नाही. परवाना क्लबचा, कपाट क्लबचं. आणि नेता आलं असतं तरी रांगत्या मुलीच्या घरात मी ते आणलं नसतं. पण हात वर न्यायची सवय तर घरीच करावी लागते. सरांची जुनी पद्धत अशी की पिस्तुलाच्या वजनाचं काहीतरी धरून शंभरदा वर न्यायचं. मी पाण्याने भरलेला तांब्या घ्यायचे. मोबाइलवर सात आणि तीन सेकंदांची शिट्टी लावायची, हॉलच्या भिंतीवर पेन्सिलीने ठिपका काढायचा, आणि तांब्या खाली, तांब्या वर.

सासूबाई सोफ्यावर मैनाला घेऊन बसलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बराच वेळ बघून घेतलं. मग म्हणाल्या, "सूर्याला अर्घ्य पूर्वेला देतात. तिकडे वारज्याचा पूल आहे."

"आई, सराव आहे हा."

"हो का. मला वाटलं भिंतीला तहान लागली."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "कुणावर राग आहे का तुझा? असला तर सांगून टाक. बोलून भागतं, गोळ्या महाग असतात."

पण मंगळवारी आणि शनिवारी मैनाला त्याच सांभाळायच्या. मी निघताना दारात उभी राहून सूचना द्यायचे. भात मऊच हवा, केळं कुस्करून, आणि रडली तर लगेच उचला, वाट बघू नका. आई म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याला मी दाण्याचा लाडू देऊन वाढवला. तो अजून चालतोय." मग मी स्कूटर काढायचे, चांदणी चौकातून बावधनच्या अलीकडे वळून रेंजवर जायचे. पोचले की फोन करायचे. आई उचलायच्या आणि नमस्कारचमत्कार न करता म्हणायच्या, "आहे. जिवंत आहे. ठेव."

ही थट्टा नुसती थट्टा नव्हती. मैना सहा महिन्यांची असताना एकदा रडता रडता तिचा श्वास कोंडला होता. ओठ निळे झाले, मान पडली. मी न्हाणीघरात होते, बादली भरत होती, मला काही ऐकूच आलं नाही. आईंनी तिच्या तोंडावर फुंकर मारली, उलटं धरलं, आणि मी ओल्या केसांनी बाहेर आले तोवर ती पुन्हा रडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना होतं असं, धोका नाही, मोठी झाली की जाईल. त्यांनी दोनदा सांगितलं. श्यामने इंटरनेटवर वाचून तिसऱ्यांदा सांगितलं. मला पटलंही. पण तेव्हापासून मी नळ पूर्ण सोडत नाही. मिक्सर लावला की मध्येच बंद करून ऐकते. कुकरच्या शिट्टीखाली दुसरा आवाज लपला असेल असं वाटतं.

आणि रेंजवर मफ चढवले, बूच बसलं, की आतून रडणं ऐकू यायचं. मैना तिकडे वारज्यात, मी इकडे टेकडीच्या पोटात, तरी ऐकू यायचं. खोटं आहे हे माहीत असायचं. म्हणून मी काय करायचे, तर डावा मफ हळूच कानामागे सरकवायचे. केस मोकळे सोडले की दिसायचं नाही. एक कान बंद, एक उघडा. मग रडणं थांबायचं.

दोन-तीन आठवडे असं चाललं. सावकाश भागात माझे आकडे जुन्याजवळ यायला लागले, कारण तिथे दर गोळीनंतर पिस्तूल खाली ठेवून दम घेता येतो. वेगाच्या भागात मात्र गोळ्या डावीकडे खाली जायच्या. एक-दोन नाही, सगळ्या, एका झुबक्यात. सर माझ्या मागे खुर्चीवर बसून पडद्यावरचे ठिपके बघत असायचे. एका शनिवारी मी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, तर ते उठून आले आणि माझ्या डाव्या कानावरचे केस त्यांनी बोटाने बाजूला केले.

"हां," ते म्हणाले.

मी मफ काढून हातात घेतले.

"उजव्या हाताचा माणूस आवाजाला भ्याला की गोळी डावीकडं खाली जाती. ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट म्हणतंय, आता फुटणार. मी म्हणलं, ही तर भिणारी न्हाई. तीन वर्षं बघितली हाय. मग हिला आवाज ऐकू येतो कुठनं?"

"सर, घरी..."

"घरी काय? पोरगी आजारी हाय?"

"नाही."

"सांभाळायला कोण न्हाई?"

"आहेत. सासूबाई."

"मग एक कान घरी कशाला ठेवून येतीस? आणायचं तर दोन्ही आण. नाहीतर दोन्ही घरी ठेव, आन् तूबी तिथंच थांब. मधलं काही चालत न्हाई हिथं. कान जाईल तो जाईल, वर गोळी वाया."

कमर शेजारी डबा खात होती. तिने मान वर केली नाही. सर गेल्यावर म्हणाली, "ताई, मी सांगणार होते. पण म्हटलं, मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल मला तुमचा नेम सुधारायला नकोय. आणि नाही सांगितलं तर अल्लाला वाटेल तेच." मग डबा पुढे केला. "कबाब घ्या. अम्मीने जास्त दिलेत. तुमच्यामुळे पिस्तुलाच्या मुठीला बेबी पावडरचा वास येतो, तो माझ्या हाताला लागतो. अब्बा विचारत होते, रेंजवर कुणाची मुलं सांभाळतेस."

मी कबाब घेतला. तिच्यावर रागावता आलं असतं तर सोपं झालं असतं.

त्यानंतर मी दोन्ही मफ लावायला लागले. सर मागून येऊन तपासायचे, शाळेत नखं तपासतात तसे. झुबका हळूहळू मध्ये सरकला, पण सुटा झाला. एक दहा, एक सात, पुन्हा दहा. लाल दिव्याच्या सात सेकंदांत मी उभी असायचे आणि आत मैना रडत असायची. ज्या जागेसाठी जीव टाकत होते, त्याच जागेत उभी होते आणि ती जागा नव्हतीच. घरी गेले की मैना माझ्या गळ्यात पडायची, तिच्या मानेला दुधाचा आणि उन्हाचा वास यायचा, आणि तिला कुशीत घेऊन मी रेंज आठवत बसायचे. रेंजवर मैना, मैनाजवळ रेंज. कुठेच पुरती नाही.

ट्रायलच्या दिवशी सकाळी आईंनी मला दारात थांबवलं. मैना त्यांच्या कडेवर, हातात चमचा.

"आज फोन करू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"तू फोन केलास की ही तुझा आवाज ऐकते आणि मग दहा मिनिटं दाराकडे बघत बसते. तू ठेवून मोकळी होतेस. दार मला दाखवावं लागतं." मग म्हणाल्या, "काही झालं तर मीच करीन. मला नंबर लावता येतो."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जिन्यात पोचेपर्यंत मला वाटत होतं की परत फिरावं. फिरले नाही.

रेंजवर सरांनी हात पुढे केला. "फोन."

"सर?"

"फोन माझ्या खिशात. वाजला तर तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. हात पडला न्हाई म्हणजे वाजला न्हाई. आता तुला ऐकायचं काम न्हाई. ऐकायचं काम माझं."

आम्ही चौघी होतो, पण चुरस कुणात आहे ते सगळ्यांना माहीत होतं. पिस्तूल एकच, म्हणून आधी कमरने पूर्ण मारलं, मग मी. कमर छान मारते. तिच्या हात वर नेण्यात घाई नसते, जेवताना पाटावर बसल्यासारखा तिचा हात वर जाऊन बसतो. तिचं झाल्यावर तिने पिस्तूल उघडून, रिकामं असल्याचं मला दाखवून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "गरम आहे, जपून."

सावकाश भाग मी तिच्यापेक्षा चार गुणांनी चांगला मारला. हे मला मागच्या कुजबुजीवरून कळलं. बाहेर घोटभर पाणी प्यायले. मग वेगाचा भाग.

मफ चढवले. बूच बसलं. रडणं आलं नाही. त्याच्या जागी दुसरंच सुरू झालं. माझी सगळी पाठ खांद्यावर पडणाऱ्या हाताची वाट बघायला लागली. कान बंद झाले आणि पाठच कान झाली. पहिल्या दोन सिरीज अशाच गेल्या. सदऱ्याची घडी हलली तरी मला वाटायचं, पडला हात. गुण गेले, पण फार नाही.

तिसऱ्या सिरीजला काय झालं, सांगता येणार नाही. हात पडला नव्हता, पडत नव्हता, आणि पाठ कंटाळली असावी. लाल दिवा. हात खाली. समोरचं काळं वर्तुळ धुरकट, जसं असायला हवं तसं. सात सेकंदं लांब झाली, रुंद झाली, मी त्यांत ऐसपैस उभी राहिले. हिरवा. हात गेला, गोळी गेली. पुन्हा लाल. मुठीतली कमरची पोकळीसुद्धा टोचत नव्हती. चौथी सिरीज तशीच. पाचवी तशीच. मी कोण, कुठली, कुणाची, काही नाही. एक हात आणि एक दिवा. दीड वर्ष ज्याच्यासाठी झुरत होते ते हेच, आणि झुरताना वाटायचं त्याहून ते साधं होतं.

शेवटच्या सिरीजच्या दुसऱ्या गोळीनंतर लाल दिवा लागला, हात खाली गेला, आणि मला आठवलं की मला मुलगी आहे.

नुसतं आठवलं. रडणं नाही, काही नाही. पण आठवलं याचा अर्थ मधल्या वेळात मी ते विसरले होते. सपशेल. त्या वेळात सरांनी हात ठेवला असता तर मला समजला असता का? कदाचित ठेवला असेल. कदाचित पुन्हा पुन्हा ठेवून ते थकले असतील. माझं डोकं वळलं. सर मागे खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, आणि त्यांनी भुवया उंचावून समोर, समोर अशी मान केली. मी पुढे वळले तेव्हा हिरवा दिवा विझत होता.

न सुटलेली गोळी म्हणजे शून्य. उरलेल्या दोन मी मारल्या. चांगल्या मारल्या.

कमर पाच गुणांनी वर राहिली. त्या एका गोळीला साधा सहा मिळाला असता तरी पिस्तूल माझं झालं असतं. हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही. सरांनी पाटीवर आकडे लिहिले, कमरचं नाव वर, माझं खाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

"वाजला?" मी विचारलं.

"न्हाई."

मी घरी फोन केला. आईंनी उचलला. "संपलं का? ही झोपली मघाशीच. भाताचे दोन घास जास्त खाल्ले. काय झालं तुझं?"

"हरले."

टोमणा येईल असं वाटलं, आला नाही. "सावकाश ये," त्या म्हणाल्या. "इथे कुणी अडलेलं नाही."

मला ते लागलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी बाकावर बसले. कमर येऊन शेजारी बसली. तिने अभिनंदन करू दिलं नाही, म्हणजे मी तोंड उघडलं तर म्हणाली, "राहू द्या ना ताई." मग म्हणाली, "मधल्या तीन सिरीज मी बघत होते. मला तसं कधी झालेलं नाही. गुण येतात, पण तसं नाही. कसं असतं ते?"

मी उठले आणि सरांकडे गेले. ते दिव्यांचं यंत्र बंद करत होते.

"सर, एक सिरीज मारू द्या. मोजू नका."

"गोळ्या न्हाईत. आजच्या संपल्या."

"रिकामं चालेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कमरकडे. पिस्तूल आता तिचं होतं, विचारायला तिलाच हवं होतं. कमरने ते पेटीतून काढलं, रिकामं असल्याचं दाखवलं, आत प्लास्टिकची खोटी गोळी टाकली आणि मूठ माझ्याकडे करून दिलं.

सरांनी यंत्र पुन्हा लावलं. मी मफ उचलले. "रिकाम्या पिस्तुलाला मफ कशाला?" ते म्हणाले.

दोन्ही कानांवर नीट बसवले, केस बाहेर काढले. फोन बाकावर होता, कमरच्या शेजारी. तो सरांच्या खिशात द्यावा असं एकदा मनात आलं. सर अजून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी बटण दाबलं.

लाल दिवा लागला. मी हात खाली नेला आणि थांबले.